देवाशी मराठीत बोललं तर भीती जाते का? (हितबोदेदूत, अरुंद पूल वगैरे)

नवगावची नात
रविवार, रात्री १०:४०

गेली दोन-तीन वर्षं इथे वाचनमात्र आहे. एकदा बिरड्याच्या वादात तोंड घातलं होतं, तेवढंच. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आधी ओळख. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. जुनी माणसं आम्हाला 'शनिवार तेली' म्हणायची, कारण घाण्याचं काम आणि शनिवारी सुट्टी. माहेर ठाण्याचं, आजोळ अलिबागकडचं. लग्नानंतर १९ वर्षं अश्दोदला आहे. इस्रायलच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे बंदराचं गाव, आमची मराठी माणसं इथे बरीच आहेत. एका वृद्धाश्रमात काम करते, बहुतेक रात्रपाळीच.

आमची इमारत जुनी. नव्या घरांत 'ममाद' असतो, जाड भिंतींची आणि लोखंडी झडपेची एक खोली. आमच्याकडे तो नाही. रॉकेटचा भोंगा झाला की अश्दोदला ४५ सेकंद मिळतात. तेवढ्यात ८१ वर्षांच्या सासूबाईंना वॉकरसकट तिसऱ्या मजल्यावरून खालच्या आसऱ्यात नेणं होत नाही, करून पाहिलंय. म्हणून आम्ही जिन्यात बसायचो, दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर. तिथली एक लादी कोपऱ्यात फुटलेली आहे. सासूबाई त्या फुटक्या कडेवरून अंगठा फिरवत 'शेमा इस्राएल' ('ऐक, इस्राएल') म्हणायच्या. आमच्या पूर्वजांना कोकणात बाकी सगळ्या प्रार्थनांचा विसर पडला, ही एक ओळ तेवढी राहिली, असं लहानपणापासून ऐकत आलोय. जिन्यात बसल्यावर कळलं की बाईंना हीच का राहिली याचं आश्चर्य कधी वाटलेलं नाही.

पुढे भोंगे थांबले. माझी भीती थांबली नाही. खाली कुणी मोटरसायकल सुरू करून वेग दिला की तिचा आवाज खालून वर चढत जातो, थेट भोंग्यासारखा. माझा हात आपोआप चपलांकडे जातो. एकदा कामावर एका आजोबांना भरवत होते, चमचा टाकून दारापर्यंत पोचलेसुद्धा. बाहेर पिझ्झावाला होता. आजोबा तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत बसले होते. त्यांचा तो आ वासलेला चेहरा मला अजून दिसतो.

माझ्याबरोबर एक बाई काम करते, ब्रेसलोव पंथाची. तिने त्या रात्री चहा करता करता विचारलं, "तू देवाशी कुठल्या भाषेत बोलतेस?" म्हटलं, प्रार्थना हिब्रूतच असते की. "प्रार्थना नाही गं. बोलतेस कुठल्या भाषेत?" मला उत्तरच देता येईना. मी बोलतच नव्हते.

तिने सांगितलं ते थोडक्यात लिहिते. रब्बी नाख्मान (१७७२ ते १८१०) हे तिच्या पंथाचे गुरू, आजच्या युक्रेनमधले. हसिदी हा ज्यू भक्तिपंथ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या बाल शेम तोव यांचे पणतू. त्यांनी शिष्यांना ध्यानाची एक साधना दिली, हितबोदेदूत. शब्दशः एकांतात जाणं. (कोविडमध्ये घरात डांबून घ्यायचं त्याला इथे 'बिदूद' म्हणत, धातू तोच!) रोज तासभर, शक्यतो रात्री, शक्यतो शेतात नाहीतर रानात एकटं जायचं आणि तोंडाने, आवाज काढून देवाशी बोलायचं. पोथीतलं नाही, स्वतःचं. आणि त्यांची अट अशी की ज्या भाषेत घरात बोलता त्याच भाषेत. त्यांच्या लोकांसाठी ती यिद्दिश होती. त्यांचं म्हणणं, सवयीच्या भाषेत मन मोकळं होतं, पवित्र भाषेत अडखळतं. बोलायला काही सुचलंच नाही तर 'मला बोलता येत नाहीये' हेच बोलावं. तेही जमत नसेल तर एकच शब्द धरून तोच म्हणत राहावं, कितीही दिवस लागले तरी.

माझी घरची भाषा मराठी. म्हणजे प्रश्नच मिटला.

रात्रपाळी नसेल तेव्हा समुद्रावर जायला लागले. पहिले तीन दिवस शुद्ध फजिती. "देवा," म्हणायचं आणि पुढे काही नाही. आसपासच्या कुत्रे फिरवणाऱ्यांना फोनवर बोलतेय असं वाटावं म्हणून कानात इअरफोन घालून ठेवला होता. चौथ्या दिवशी तोंडातून निघालं, "देवा, मला त्या मोटरसायकलवाल्याचं मुस्काट फोडावंसं वाटतं." इतकं हसू आलं की वाळूत बसले. मग बरंच काही निघालं. ते इथे लिहीत नाही.

आता ज्यासाठी धागा काढला ते. नाख्मान यांचं एक वाक्य इथे शाळेतल्या पोरांनाही गाण्यातून पाठ असतं: सगळं जग म्हणजे फार अरुंद पूल आहे, आणि मुख्य गोष्ट, मुळीच घाबरू नये. मला ते गाणं आवडत नसे. घाबरू नये म्हणे! घाबरणं काय आपल्या हातात असतं? पण मैत्रिणीने मूळ पुस्तकातली ओळ दाखवली. गाण्यात 'लेफाखेद' आहे, घाबरणे. पुस्तकात 'यितपाखेद' आहे. क्रियापदाचं हे रूप स्वतःकडे वळतं. म्हणजे, माणसाने *स्वतःला घाबरवू* नये.

मी दोन दिवस ह्या एका शब्दावर होते. भोंगा मला घाबरवतो, त्याला माझा इलाज नाही. पण भोंगा नसताना मोटरसायकलचा भोंगा कोण करतं? मीच.

इथे कुणी असं काही करतं का? ज्यूच असायला हवं असं नाही.

कोकणमेवा
रविवार, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली. तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

आमच्या चौलच्या घराशेजारी इस्राएलांची दोन घरं होती. मलीद्याचं ताट आठवतं: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं मांडलेली. एलियाहू हन्नावींचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव घेऊन गायचे. आजारातून कुणी उठलं, घर बांधलं, पोरगी दिली की मलीदा. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या त्या खडकावर एलियाहूंच्या रथाच्या खुणा आहेत म्हणतात, तिथे मी शाळेत असताना गेलोय.

भीती आणि श्रद्धेचा विषय आहे तर समाजी हसाजी दिवेकर आठवले. कंपनीच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले. सुटलो तर मुंबईत देऊळ बांधीन असा नवस केला, आणि सुटून आल्यावर १७९६ मध्ये मांडवीला सिनेगॉग बांधलं. रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यांचंच. मस्जिद स्टेशनच्या नावामागेही हीच 'मशीद' असं बरेच जण सांगतात.

चिंतोपंत
सोमवार, सकाळी ८:०५

लेखन छान आहे, प्रामाणिक आहे. पण याला ध्यान का म्हणायचं? ही तर प्रार्थना झाली, किंवा आपण ज्याला गाऱ्हाणं म्हणतो ते. ध्यान म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध. तुम्ही तर वृत्ती मोकाट सोडताय.

दुसरं, माझ्यासारख्या देव न मानणाऱ्याने काय करायचं? भिंतीशी बोलायचं?

नवगावची नात
सोमवार, दुपारी २:३०

@कोकणमेवा, सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "चौलात कुठे, विचार." आता तुमची सुटका नाही.

@चिंतोपंत, तुमचा मुद्दा बरोबर आहे. ज्यू परंपरेत एकच एक ध्यान नाही. एखाद्या कल्पनेवर विचार स्थिर करणं ते हितबोनेनूत. देवाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेली पाटी असते, शिविती म्हणतात तिला. तेहिल्लीम (बायबलमधली स्तोत्रं) १६ मधल्या 'मी परमेश्वराला सतत समोर ठेवलंय' या ओळीवरून. तिच्याकडे बघत बसणं हेही एक. आणि तुम्ही म्हणताय त्याच्या जवळ जाणारी एक पद्धत आहे, हश्काता. म्हणजे शांत करणं.

ती पोलंडमधल्या पियासेच्नोच्या रब्बींची, कलोनिमुस काल्मान शापिरा यांची (१८८९ ते १९४३). काही मिनिटं नुसतं स्वतःच्या विचारांकडे बघायचं: आत्ता मी काय विचार करतोय? अडवायचं नाही, भांडायचं नाही. बघणारा आला की विचारांचा लोंढा आपोआप मंदावतो. मग त्या शांत झालेल्या मनात एकच छोटं वाक्य ठेवायचं, आणि हवा असलेला गुण मागायचा, जोर न लावता. मला हे अजून नीट जमत नाही. विचारांकडे बघायला गेलं की ते एकदम शहाण्या मुलांसारखे गप्प बसतात आणि पाठ फिरवली की दंगा.

भिंतीशी बोलण्याबद्दल: पहिले तीन दिवस मीही भिंतीशीच बोलत होते हो.

इतिहासबुवा
सोमवार, संध्याकाळी ६:५०

शापिरांचा उल्लेख आलाच आहे तर पुढचं सांगायला हवं, नाहीतर ती पद्धत 'मनःशांतीचे सोपे उपाय' सदरातली वाटेल.

सप्टेंबर १९३९ मध्ये वॉर्सावर जर्मन बॉम्ब पडत होते. त्यात त्यांचा एकुलता मुलगा जखमी झाला. त्याला ठेवलं होतं त्या रुग्णालयाबाहेर उभी असलेली सून बॉम्बमध्ये गेली, थोड्या दिवसांत मुलगाही गेला, मग आई. हा माणूस त्यानंतर वॉर्साच्या बंदिस्त वस्तीत १९४२ पर्यंत दर शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) लोकांसमोर प्रवचन करत होता. ती प्रवचनं लिहून ठेवली आणि दुधाच्या कॅनमध्ये घालून पुरली. युद्धानंतर ती जमिनीखाली सापडली आणि १९६० साली छापली गेली. स्वतः रब्बी नोव्हेंबर १९४३ मध्ये मारले गेले.

वाचताना लक्षात येतं की सुरुवातीला ते दुःखाचं कारण समजावून सांगतात, आणि पुढेपुढे समजावणं कमी होत जातं. देवही रडतो, आतल्या खोलीत, एवढं म्हणतात. मला त्यांचं धैर्य त्या कमी होण्यात दिसतं.

अवांतर: ज्यू ध्यानातला माझा आवडता धाडसी (की वेडा?) माणूस म्हणजे अब्राहाम अबुलाफिया, जन्म १२४०, स्पेन. हिब्रू अक्षरांची उलटसुलट जुळणी, श्वास, मान हलवणं, अशी त्याची साधना. १२८० मध्ये तो थेट पोप निकोलस तिसरा याला भेटायला निघाला. पोप सोरियानो गावी होता, आणि हा आला की जाळा असा हुकूम सुटलेला. तरी गेला. वेशीतून आत शिरला तेव्हा कळलं की आदल्याच रात्री पोप वारला. २८ दिवस कैदेत ठेवून सोडून दिलं.

चिंतोपंत
सोमवार, रात्री ९:१०

अबुलाफियाची गोष्ट श्रद्धेची नाही, नशिबाची आहे. पोप एक दिवस उशिरा मेला असता तर हा धागा त्याच्याशिवायच चालला असता.

दुधाच्या कॅनबद्दल मात्र काही बोलवत नाही.

मानसकोश
सोमवार, रात्री १०:००

समुपदेशक आहे म्हणून दोन शब्द, उपदेश नव्हे.

ताई, तुम्ही सांगितलंत ते, म्हणजे आवाजाला दचकणं, हात चपलेकडे जाणं, हे शरीराचं शिकलेलं काम आहे. ४५ सेकंदांत तुमचा जीव वाचवायला ते शिकलं. धोका गेला हे त्याला कुणी कळवलेलं नाही. भीती मोठ्याने, स्वतःच्या शब्दांत मांडल्याने ती आकारात येते, हे आमच्याही कामात रोज दिसतं. मनातल्या मनात घोळवणं वेगळं आणि वाक्य पूर्ण करणं वेगळं. वाक्याला शेवट असतो, घोळण्याला नसतो.

मात्र दचकणं, वाईट स्वप्नं, काही जागा टाळणं हे महिन्याहून जास्त टिकलं आणि कामात अडथळा येत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. देवाशी बोलणं आणि डॉक्टरांशी बोलणं यात सवतीमत्सर नाही. आणि ज्यांना एकांतात जास्त त्रास होतो त्यांनी रानात एकटं जाणं वगैरे करू नये. सोबत कुणी असू द्या.

नवगावची नात
मंगळवार, पहाटे ४:४०

रात्रपाळीतून लिहितेय. मानसकोश, दाखवलंय डॉक्टरांना. दर बुधवारी जाते. हे आधीच लिहायला हवं होतं, चुकले. 'वाक्याला शेवट असतो' हे मैत्रिणीला हिब्रूत करून सांगितलं, तिने वहीत लिहून घेतलं.

सडेतोड
मंगळवार, सकाळी ११:२०

सगळं भावपूर्ण आहे. पण भीती काय एकाच बाजूला आहे? तिकडे कुंपणापलीकडच्या, गाझातल्या मुलांना जिनाही नाही. तेव्हा हे ध्यानबिन मला जरा सोयीस्कर वाटतं.

संपादक मंडळ
मंगळवार, सकाळी ११:५५

राजकारणासाठी वेगळे धागे आहेत. इथे विषय धरून लिहावे.

नवगावची नात
मंगळवार, रात्री ८:१५

संपादक, एकदाच उत्तर देते, कारण हे विषयाला धरूनच आहे.

जिन्यात बसल्यावर धडाम होतं. कुठे तरी पडलेलं असतं. त्या क्षणी मनात पहिलं काय येतं सांगू? "आपल्यावर नको." आणि लगेच कळतं की याचा अर्थ दुसऱ्या कुणावर तरी. मला याचा फार त्रास झाला. एका रब्बींना विचारलं तर त्यांनी मिश्नामधलं (ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह) एक वाक्य काढून दिलं, बेराखोत प्रकरण ९. माणूस प्रवासातून परत येतोय, वेशीपाशी गावातून किंकाळी ऐकू येते, आणि तो म्हणतो, 'देवा, हे माझं घर नसू दे.' मिश्ना म्हणते, ही व्यर्थ प्रार्थना. जे झालं ते झालेलं आहे, आणि किंकाळी कुणाची तरी आहेच.

दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे लिहून ठेवलंय, मला खडसावण्यासाठी.

आता मी जिन्यात (परत वेळ न येवो) तसं मागत नाही. काय मागते? खरं सांगायचं तर नुसतं 'शेमा'. त्यात मागणं नाहीच, 'ऐक' एवढंच आहे. कुंपणापलीकडच्या मुलांसाठी समुद्रावर बोलते. सोयीस्कर आहे का? असेल. मला दुसरं काही करता येत नाही.

सडेतोड
मंगळवार, रात्री ९:४०

समजलं. शब्द मागे घेत नाही, पण 'सोयीस्कर' घेतो.

कोकणमेवा
बुधवार, सकाळी ७:३०

सासूबाईंना सांगा, चौल नाक्यावरून रामेश्वराकडे जाताना डाव्या हाताला.

बेराखोतचा विषय निघाला म्हणून: कुठेतरी वाचलंय की प्रार्थनेत उभं असताना पायाला साप गुंडाळला तरी थांबू नये. आमच्या वाडीत हे करायला गेलं तर पंचाईत. पावसाळ्यात फुरसं निघतं हो अंगणात!

नवगावची नात
बुधवार, दुपारी १:०५

हाहा, आहे आहे. त्याच मिश्नात, प्रकरण ५. तिथेच हेही आहे की जुने भक्त प्रार्थनेआधी तासभर नुसते शांत बसायचे, मन जागेवर आणायला. ज्यू ध्यानाचा हा बहुधा सर्वांत जुना पुरावा. चिंतोपंत, नोंद घ्या.

पण सापाची गंमत पुढे आहे. तालमूदमध्ये (मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ) लगेच चर्चा होते आणि रब्बी शेशेत म्हणतात: साप असेल तर थांबू नका, *विंचू* असेल तर थांबा. कारण सापाच्या वाटेला गेलं नाही तर तो बहुधा चावत नाही, विंचू हमखास डंख मारतो. म्हणजे श्रद्धा म्हणजे डोळे मिटणं नव्हे. समोर साप आहे की विंचू ते बघण्याइतकं डोकं ठिकाणावर हवं. (फुरसं विंचवात धरा, माझ्या जबाबदारीवर.)

मी घरात हीच भाषा करून टाकलीय. भोंगा हा विंचू. सगळं टाकून जिन्यात. मोटरसायकल हा साप. चमचा खाली ठेवायचा नाही, आजोबांना भरवत राहायचं. परवा तीनदा चमचा हातातच राहिला. चौथ्यांदा सांडलं.

याच मुद्द्यावर एक शब्द सांगते, बिताखोन. जुन्या हिब्रूत भरवसा. अकराव्या शतकात बाह्या इब्न पाकुदांनी त्यावर आख्खं प्रकरण लिहिलं. आज इथे रस्त्यात कुणालाही विचारा, बिताखोन म्हणजे सुरक्षा. संरक्षण मंत्रालयाच्या पाटीवरही तोच शब्द. मला दोन्हींच्या मधलं हवं होतं. ते मिळालं हाझोन ईश यांच्याकडे (विसाव्या शतकातले मोठे पंडित, १९५३ मध्ये गेले). ते म्हणतात, 'सगळं आपल्या मनासारखंच होईल' अशी खात्री बाळगणं म्हणजे भरवसा नव्हे, ती चूक आहे. उद्या काय होणार हे मला माहीत नाही. जे होईल ते मात्र आंधळा योगायोग नसेल, एवढंच. ही खात्री फार लहान आहे. पण हिच्यावर उभं राहता येतं, कारण ती खोटी पडायला काही बातमी पुरत नाही.

भीमाकाठी
बुधवार, संध्याकाळी ५:२०

वाचतेय, फार आवडला धागा. रानात जाऊन, आपल्या बोलीत, देवाशी भांडणासकट बोलणं... आपले तुकोबा भंडाऱ्यावर हेच करत होते ना? मनाशी संवाद, आपलाच वाद आपल्याशी.

इतिहासबुवा
बुधवार, संध्याकाळी ७:००

साम्य आहे, पण एका उडीत 'सगळे धर्म सारखेच' पर्यंत पोचू नये. नाख्मानचा माणूस रानातून परत येऊन आज्ञा, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम यांत शिरतो. ती चौकट काढली तर राहील ते आणखी काहीतरी असेल. अर्थात ज्याला रात्री झोप येत नाही त्याला ही टीप निरुपयोगी आहे, हेही कळतं.

पेन्शनर६३
बुधवार, रात्री ११:३०

बऱ्याच वर्षांपूर्वीचा आयडी, पासवर्ड शोधून आलो.

शुक्रवारी मानेचा एमआरआय आहे. मागच्या वेळी आत सरकवलं आणि दोन मिनिटांत मी हातातला रबरी फुगा दाबला. बाहेर काढलं, पैसे वाया, मुलगा काही बोलला नाही पण गाडीत रेडिओ मोठा लावला. बंद जागेची भीती लहानपणापासून, विहिरीत अडकलो होतो एकदा. समुद्रावर जायला वेळ नाही, डोंबिवलीत समुद्रही नाही. नवगावच्या ताई, २५ मिनिटांसाठी काही आहे का? देवभोळा नाही, नास्तिकही नाही.

मानसकोश
गुरुवार, सकाळी ७:४५

काका, आधी तंत्रज्ञांना सांगून ठेवा की भीती वाटते. डोळ्यांवर पट्टी मागा, आत जाण्याआधीच मिटा. सौम्य औषध देता येतं, डॉक्टरांना विचारा, लाजू नका.

नवगावची नात
गुरुवार, सकाळी १०:१०

काका, मानसकोश सांगतात ते आधी. विहिरीचं वाचून पोटात कालवलं.

त्यानंतर हे. आमच्यात झोपण्यापूर्वी 'शेमा' म्हणतात, त्याच्याबरोबर एक छोटं वाक्य असतं, लहान मुलांनाही शिकवतात. उजवीकडे मीखाएल, डावीकडे गाव्रिएल, समोर उरिएल, मागे रफाएल, आणि डोक्यावर शेखिना, म्हणजे देवाचं सान्निध्य. झोप म्हणजे तरी काय, रोज एका बंद अंधाऱ्या जागेत एकट्याने जाणंच. माझी आजी हे म्हणताना प्रत्येक दिशेला जरा थांबायची, कुणी येऊन बसायला जागा करून द्यावी तशी.

तुम्हाला त्या नळकांड्यात चारी बाजूंनी भिंत लागते. भिंत हटवता येणार नाही. तिथे कुणीतरी बसवता येईल. श्वास घेताना एक दिशा, सोडताना त्यांचं नाव. चार झाले की वर. मग परत उजवीकडून. घाई नाही.

आणखी एक. तेहिल्लीम २७, एलुल महिन्यात रोज वाचतात. सुरुवात फार ऐटीत आहे: परमेश्वर माझा प्रकाश, मी कोणाला भिऊ? पण पाचसात ओळींनी तोच माणूस विनवायला लागतो, तोंड लपवू नकोस, टाकू नकोस. आणि शेवटाकडे एक वाक्य तर अर्धंच सोडलंय: 'मी विश्वास धरला नसता तर...' पुढे काही नाही. हिब्रूत त्या 'नसता तर' शब्दाच्या वर-खाली ठिपके आहेत, जुन्या लेखनिकांनी जपून ठेवलेले. तेव्हा दोन मिनिटांनी फुगा दाबावासा वाटला तर आपण हरलो असं समजू नका. हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे त्या दावीद राजाचंही मधेच असं झालं होतं.

पेन्शनर६३
गुरुवार, रात्री ९:००

मीखाएल वगैरेंशी माझी ओळख नाही. दुसरे कुणी चालतील का?

नवगावची नात
गुरुवार, रात्री ९:२५

रब्बींना विचारलं तर नाही म्हणतील. मला विचारताय, तर मी काही ऐकलं नाही. :)

पेन्शनर६३
शुक्रवार, संध्याकाळी ६:३५

झाला एकदाचा. सविस्तर लिहितो.

पट्टी मागितली, मिळाली. उजवीकडे आई, डावीकडे आमची ही (तीन वर्षं झाली जाऊन), पायाशी आबा, ज्यांनी मला विहिरीतून ओढून काढलं. डोक्यावर कोण ते ठरेना, ती जागा मोकळी ठेवली. मशीन सुरू झालं, खड् खड् खड्. भीती आली. आली ती आलीच. मी म्हटलं, बरं, तूही बस, पण स्वतःला घाबरवायचं नाही असं ताईंनी सांगितलंय. मग हिच्याशी बोलायला लागलो. गॅसचं बुकिंग, नातवाचे मार्क, सगळं.

तेवढ्यात कानातल्या त्या हेडफोनमधून पोरगी म्हणाली, "काका, बोलू नका, मान हलतेय. परत घ्यावं लागेल."

परत घेतला. दुसऱ्यांदा मनातल्या मनात बोललो. एकूण ३५ मिनिटं. फुगा हातात होता, दाबला नाही. बाहेर आल्यावर त्या पोरीने विचारलं, "कुणाशी बोलत होतात?" म्हटलं, घरी.

चिंतोपंत
शुक्रवार, संध्याकाळी ७:००

अभिनंदन काका. डोक्यावरची जागा मोकळी ठेवलीत ते विशेष आवडलं. मी तिथे राहीन म्हणतो.

नवगावची नात
शुक्रवार, रात्री... नाही, शब्बाथ संपल्यावर लिहितेय, शनिवार रात्री ९:३०

काका!! सासूबाईंना आत्ता वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. माझं समुद्रावर जाणं त्यांना पहिल्यापासून थेर वाटतं. "आम्ही काय केलं? नवस बोललो आणि भाजी निवडली." पण तुमचं ऐकून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्याला विचार, मलीदा केला का? नसेल केला तर सांग, पोहे जाडे घे, पातळ्यांचा लगदा होतो."